पोथीतला ‘अमुक’ आणि यंत्राची भाषा

पूजेचा संकल्प सांगावयाचा असतो तेव्हा पोथीत यजमानाच्या नावाच्या जागी ‘अमुक’ एवढेच लिहिलेले असते. नाव, गोत्र गुरुजींनी आयत्या वेळी घालावयाचे. बाकीचा मजकूर तोच. आय.बी.एम.ने १९६४ साली जाहीर केलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या मोठ्या संगणकाच्या असेंब्ली भाषेत ज्याला मॅक्रो म्हणतात, त्याची जात हीच.

या भाषेत यंत्राची एकेक आज्ञा आपणांस एकेका ओळीत लिहावी लागते. तोच ओळींचा गट वारंवार लागू लागला, की त्याला एक नाव द्यावयाचे. ‘मॅक्रो’ आणि ‘मेंड’ या दोन शब्दांमध्ये तो एकदा लिहून ठेवावयाचा, आणि ‘अमुक’च्या जागा अँपरसँडच्या चिन्हाने दाखवावयाच्या. पुढे नुसते नाव लिहिले, की असेंब्लर हा भाषांतर करणारा प्रोग्राम त्या साऱ्या ओळी तेथे उतरवून काढतो.

परंतु हे घडते प्रोग्राम चालण्यापूर्वी, आणि येथेच शिकणाऱ्याची फसगत होते. मॅक्रोत ‘एआयएफ’ नावाची अट घालता येते. पगार ठरावीक रकमेहून अधिक असेल तर अमुक कापून घ्या, असे तिच्याकडून करवून घेण्याचा मोह होतो. पण असेंब्लर काम करीत असतो तेव्हा पगाराचे आकडे यंत्रात आलेलेच नसतात! त्या अटीला दिसतो तो केवळ लिहिलेला मजकूर. पगाराचा निवाडा करावयाचा तर तुलनेची खरी आज्ञाच लिहिली पाहिजे.

उतरवून काढण्याला जागाही लागते. वीस आज्ञांचा मॅक्रो पन्नास ठिकाणी वापरला, की हजार आज्ञा झाल्या. आज्ञेला सरासरी ४ बाइट धरले तर ४,००० बाइट. ‘मॉडेल ३०’च्या लहानात लहान यंत्राची सारी स्मृती ८,१९२ बाइटांची होती. अशा ठिकाणी एकदाच लिहून हवा तेव्हा बोलवावयाचा उपप्रोग्राम बरा, असे आम्ही म्हणू.

दुसरी अडचण मोठी गमतीची. मॅक्रोच्या आत ‘लूप’ नावाची खूण असली, तर दुसऱ्या वापरात तीच खूण पुन्हा उमटते, आणि एका नावाचे दोन धनी असेंब्लरला चालत नाहीत. यावर ‘सिसएनडीएक्स’चा तोडगा आहे. दर वापराला तो ०००१, ०००२ असा नवा आकडा पुरवितो; तो खुणेला जोडावयाचा.

अशा उमटलेल्या ओळींपुढे असेंब्लरच्या छापील यादीत अधिकचे चिन्ह येते. ‘प्रिंट नोजेन’ लिहून त्या झाकता येतात. नवशिक्याने निदान पहिले काही महिने तरी झाकू नयेत.