एक्स्प्लेनर : शहरात गजबजलेला पोकेमॉनचा नकाशा गावाकडे ओस का? जालन्यात ‘रूट’ आखायचा तर काय लागेल?

‘पोकेमॉन गो’ हा मोबाइल गेम असला तरी तो खेळायला पाय लागतात. स्क्रीनवर दिसतो तो नकाशा तुम्ही उभे आहात त्याच जागेचा असतो आणि तुम्ही चालाल तसे तुमचे पात्र चालते. मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीत हा गेम उघडला की जवळजवळ निळे ‘पोकेस्टॉप’ दिसू लागतात. तोच फोन घेऊन घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर गेलात, तर बहुतेक वेळा हिरव्या पडद्यावर रस्त्याची एक रेघ तेवढी उरते. गेम तोच, फोन तोच, नेटवर्कही ठीकठाक. मग फरक कशाचा? आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘रूट’ या फीचरने गावाकडच्या खेळाडूचे काही भले होते का?

मुळात ‘रूट’ म्हणजे काय?

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ हे पहिले दोन गेम आले. लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद असलेल्या सातोशी ताजिरी यांची ही कल्पना. १५१ प्राणी, काही गावे, काही शहरे आणि त्यांना जोडणारे क्रमांक दिलेले रस्ते. हे रस्ते म्हणजेच रूट.

त्यातला ‘रूट १’ पॅलेट टाउन या चिमुकल्या गावातून निघून उत्तरेला व्हिरिडियन सिटीला जातो. वाटेत उंच गवत आहे. त्यात पाऊल टाकले की पिजी हा पक्षी नाहीतर रटाटा हा उंदीर समोर येतो. मध्येच दुकानाचा एक माणूस भेटतो, त्याच्याशी बोललात तर औषधाची बाटली फुकट मिळते. पहिल्याच खेपेला शहरातून प्रोफेसर ओक यांचे पार्सल घेऊन गावी परतायचे असते. तालुक्याला गेलाच आहात तर येताना सरांचे एवढे सामान आणा, त्यातलाच प्रकार. परतीच्या वाटेवर खरी गंमत आहे. रस्त्यात जागोजागी छोटे बांध आहेत, त्यांवरून खाली उडी मारता येते, पण वर चढता येत नाही. त्यामुळे जाताना गवत तुडवत जावे लागते आणि येताना उड्या मारत झटपट घर गाठता येते. एकही सूचना न वाचता पोराला कळून जाते, की गवतात धोका आहे, लोकांशी बोलल्याने फायदा होतो आणि घर फार लांब नाही.

आपल्याकडे बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख २००३ पासून कार्टून नेटवर्कवर लागणाऱ्या मालिकेमुळे झाली. गेम बॉय फार थोड्या घरांत होता. ज्यांनी रूट १ पाहिला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो पुढे कधीतरी, दुसऱ्याच यंत्रावर पाहिला. पण तो रस्ता सगळ्यांना सारखा होता. टोकियोतल्या मुलाच्या वाट्याला जितके गवत, तितकेच जालन्यातल्या मुलाच्या.

मग पोकेमॉन गोमध्ये काय बदलले?

रस्ता आखणारा माणूस बदलला. पोकेमॉन गो जुलै २०१६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुरू झाला. तो बनवणारी नियान्टिक ही कंपनी गुगलच्या आत जन्मलेली. तिचे संस्थापक जॉन हँके यांनी आधी कीहोल ही कंपनी काढली होती आणि तिच्याच सॉफ्टवेअरचे पुढे ‘गुगल अर्थ’ झाले. म्हणजे नकाशा हा या मंडळींचा मूळ धंदा.

पोकेमॉनच्या आधी नियान्टिकने ‘इन्ग्रेस’ नावाचा गेम काढला होता. त्यातल्या जागा खेळाडूंनी स्वतः फोटो काढून सुचवलेल्या होत्या: पुतळे, देवळे, भित्तिचित्रे, स्मारके. याच जागांचे पुढे पोकेस्टॉप आणि जिम झाले. साहजिकच २०१२ ते २०१५ या काळात ज्या गल्लीत इन्ग्रेस खेळणारा स्मार्टफोनधारक राहत होता, ती गल्ली नकाशावर भरली. जिथे तो नव्हता ती जागा कोरी राहिली.

हे फक्त भारतातले रडगाणे नाही. अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये वॉशिंग्टन डीसीतल्या वस्त्या तपासल्या. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्तीत सरासरी ५५ जागा होत्या, तर कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्तीत १९. शहर एकच होते.

भारतात हा गेम अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, त्याच वर्षी सुरू झालेल्या रिलायन्स जिओशी करार करून. हजारो रिलायन्स डिजिटल आणि जिओची दुकाने पोकेस्टॉप किंवा जिम म्हणून जाहीर झाली. देवळांनंतर नकाशावर मान मिळाला तो दुकानांना! (त्याआधी सप्टेंबरमध्ये, गेम इथे रीतसर आलेलाही नसताना, तो प्रार्थनास्थळांत अंडी दाखवतो म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती.)

पोकेस्टॉप नसला तर बिघडते काय?

जवळजवळ सगळेच. पोकेमॉन पकडायला लागणारे बॉल पोकेस्टॉपवर फुकट मिळतात. ते नसतील तर खिशातले पैसे घालून विकत घ्यावे लागतात. जिममध्ये आपला पोकेमॉन ठेवला की दिवसाला जास्तीत जास्त ५० नाणी मिळतात. गावात जिमच नसेल तर तीही कमाई बंद.

यामागे भूमितीही आहे. हा गेम पृथ्वीचा पृष्ठभाग गुगलच्या ‘एस२’ पद्धतीने चौकोनी घरांत वाटतो. घरात घर, त्याच्या आत आणखी लहान घर, अशी ही मांडणी असते. खेळाडूंनी निरीक्षणातून काढलेला नियम असा: साधारण ७० मीटर लांबी-रुंदीच्या घरात एकच पोकेस्टॉप बसतो. त्याहून मोठ्या, साधारण अर्धा किलोमीटर बाजूच्या घरात दोन जागा मंजूर झाल्या की त्यातली एक जिम होते, सहा झाल्या की दुसरी जिम आणि वीस झाल्या की तिसरी. म्हणजे ज्या गावात शून्य जागा आहेत, तिथे योग्य ठिकाणच्या फक्त दोन जागा मंजूर झाल्या तरी खेळ सुरू होतो. माझ्या मते गावाकडच्या खेळाडूसाठी यापेक्षा कामाची माहिती दुसरी नाही.

२०२३ चे ‘रूट’ फीचर काय आहे?

जुलै २०२३ मध्ये नियान्टिकने खेळाडूंनाच रस्ते आखायची मुभा दिली. एका पोकेस्टॉप किंवा जिमपासून निघायचे, ॲपमध्ये रेकॉर्डिंग चालू करून प्रत्यक्ष चालायचे आणि दुसऱ्या पोकेस्टॉपवर किंवा जिमवर थांबायचे. मग नाव आणि वर्णन लिहून तो रस्ता तपासणीला पाठवायचा. रूट किमान ५०० मीटरचा आणि कमाल २० किलोमीटरचा असावा लागतो. मंजूर झाला की इतर खेळाडूंनाही तो दिसतो.

त्यावर चालण्याचे आमिष म्हणजे झायगार्ड हा पोकेमॉन. त्याचे ‘सेल’ फक्त रूटवर सापडतात. त्याचे पूर्ण रूप मिळवायला २५० सेल लागतात आणि दिवसाला तीनच मिळतात. एकही दिवस न चुकवता चाललात तरी ८४ दिवस. गावाजवळ रूट नसेल तर हा हिशेब सुरूच होत नाही. आणि रूटच्या दोन्ही टोकांना पोकेस्टॉप किंवा जिम लागत असल्याने, ज्या गावात ते नाहीत तिथे रूट आखताही येत नाही. म्हणजे या फीचरनेही भरलेल्या नकाशालाच आणखी भरले. आधी जागा, मग रस्ता हा क्रम चुकवता येत नाही.

जालन्यात कोणत्या जागा चालतील?

जागा सुचवण्याची सोय ‘वेफेअरर’ या यंत्रणेतून होते. फोटो, नाव, वर्णन द्यायचे. तपासणी मुख्यतः इतर खेळाडूच करतात, तेही बिनपगारी. निकष ढोबळमानाने तीन: ती जागा पाहण्यासारखी असावी, व्यायामाची असावी किंवा लोक एकत्र येण्याची असावी. शिवाय तिथे पायी, सुरक्षित पोहोचता आले पाहिजे.

या मापाने आपला जिल्हा गरीब अजिबात नाही. अंबडच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी, राजूरचा गणपती, समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब समर्थ, प्राचीन काळी भोगवर्धन म्हणून ओळखले जाणारे भोकरदन, ही ठिकाणे निकषात सहज बसावीत. जालना शहरात कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर जुना आणि नवा जालना पसरला आहे. गांधी चमन किंवा मोतीबागेसारखी माणसांच्या वर्दळीची ठिकाणे तर या खेळासाठीच केल्यासारखी आहेत.

पण मोठ्या देवस्थानांची काळजी नको, त्यांना कोणीतरी सुचवतोच. राहून जातात त्या गावातल्या साध्या जागा. जुनी वेस, बारव, तालमीचा आखाडा, सार्वजनिक वाचनालय, मारुतीचा पार. यांतले बरेच काही निकषात बसू शकते. बारवेचा फोटो काढताना मात्र कठड्याबाहेरूनच काढा, आणि उतरण्याची वाट सुरक्षित नसेल तर ती सुचवूच नका. गावातली सगळ्यांत ठळक इमारत, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, चालत नाही. बारावीपर्यंतच्या शाळांना या यंत्रणेत मनाई आहे. कुणाचा राहता वाडा कितीही देखणा असला तरी खासगी घर म्हणून तो बाद. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण तिथे पायी चालायलाच बंदी आहे, तेव्हा तिकडचा रूट विसरा. फोटोत कुणाचा ओळखू येईल असा चेहरा किंवा गाडीचा नंबर आला तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

राजूरचा विषय निघालाच आहे म्हणून. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरला पायी जाणारे भाविक असतात. हे अंतर साधारण २५ किलोमीटर, म्हणजे एका रूटच्या मर्यादेबाहेर. कुणाला ही वाट नकाशावर आणायची असेल तर तिचे दोन तुकडे करावे लागतील आणि जिथे तुकडा पडेल तिथे एक मंजूर जागा आधी लागेल. वाटेवरच्या एखाद्या गावातला पार त्यासाठी पुरेल. रस्त्याच्या कडेने स्क्रीनकडे बघत रात्री चालणे मात्र कुठल्याही सेलच्या किमतीचे नाही.

गावाकडच्या खेळाडूपुढे इतर पर्याय कोणते?

२०२२ पासून रोज एकदा १५ मिनिटांचा मोफत ‘डेली ॲडव्हेंचर इन्सेन्स’ मिळतो. तो लावून चालत राहिलात तर ओसाड रस्त्यावरही पोकेमॉन येतात आणि बॉल संपले असतील तर ३० बॉलही मिळतात. शेतरस्त्यावर खेळणाऱ्यासाठी कंपनीने केलेली सर्वांत प्रामाणिक सोय हीच. २०२० मध्ये कोरोनाकाळात ‘रिमोट रेड पास’ आला आणि दूरच्या शहरातल्या लढाईत घरबसल्या भाग घेता येऊ लागला. एप्रिल २०२३ मध्ये त्याची किंमत वाढवून दिवसाला पाचची मर्यादा घातली, तेव्हा जगभरचे खेळाडू खवळले होते. शहरातल्या माणसाची सोय कमी झाली. जिथे चालत जाण्याच्या अंतरावर जिमच नाही, तिथल्या खेळाडूची मात्र वाटच अरुंद झाली.

दर महिन्याच्या ‘कम्युनिटी डे’ची नेहमीची वेळ दुपारी दोन ते पाच. ही वेळ ज्याने ठरवली तो एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी घराबाहेर पडलेला नसावा. पारा ४० अंशांच्या वर असताना सावली आणि पाणी सोडून चालू नये, हे गेम सांगत नाही.

चौथा पर्याय म्हणजे बनावट लोकेशन. जालन्यात बसून टोकियोत फिरायचे. तो मोह समजण्यासारखा आहे, पण पकडले गेलात तर पहिल्यांदा सात दिवस आणि दुसऱ्यांदा ३० दिवस निर्बंध येतात. तिसऱ्यांदा खातेच कायमचे बंद होते.

या सगळ्या मेहनतीचा मालक कोण?

खेळाडू नव्हे. मार्च २०२५ मध्ये नियान्टिकने आपला गेम विभाग ३.५ अब्ज डॉलरना स्कोपली या कंपनीला विकल्याचे जाहीर केले. स्कोपली ही सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या सॅव्ही गेम्स ग्रुपची कंपनी. नकाशा-तंत्रज्ञानाचा भाग ‘नियान्टिक स्पेशियल’ या वेगळ्या कंपनीकडे गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये नियान्टिकने सांगितले होते, की जागांचे त्रिमितीय आकलन असलेले एआय मॉडेल ती तयार करत आहे आणि तिच्याकडे जगभरातल्या सुमारे एक कोटी जागांचे स्कॅन आहेत. यातले बरेच स्कॅन खेळाडूंनी फोन फिरवून दिलेले. हे स्कॅनिंग ऐच्छिक आहे. न करताही गेम पूर्ण खेळता येतो.

फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच ठेवता येते. तसे केल्यास ॲप बंद असताना चाललेले अंतर मोजणारी ‘ॲडव्हेंचर सिंक’ सोय तेवढी मिळणार नाही. रूट आखताना सुरुवात घराशेजारच्या जागेवरून करू नका, विशेषतः फोन लहान मुलाच्या हातात असेल तर. मंजूर झालेला रूट सार्वजनिक असतो आणि त्यावर तो आखणाऱ्याचे गेममधले नावही दिसते.