पादचारी, सायकलस्वार आणि महानगरपालिकेची जबाबदारी

१. प्रास्ताविक

‘रस्ता’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम वाहने येतात. वस्तुतः वाहनाने केलेल्या प्रवासाचाही आरंभ आणि शेवट पायीच होतो. बसथांब्याकडे निघालेला कामगार, शाळेत जाणारे मूल, मंडईतून परतणारी वृद्धा हे सारे रस्त्याचेच वापरकर्ते आहेत. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. अपघातात दोष कोणाचा, हे नंतर पोलीस आणि न्यायालय ठरवतात. रस्ता कसा बांधला, हा प्रश्न मात्र अपघातापूर्वीचा असतो आणि शहरात त्याचे उत्तर प्रामुख्याने महानगरपालिकेला द्यावे लागते.

२. कायदेशीर आधार

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची समाविष्ट झाली. नगररचना, रस्ते व पूल, पथदिवे, वाहनतळ आणि बसथांबे हे विषय त्या अनुसूचीत आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची बांधणी, देखभाल आणि सुधारणा हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. कलम ६६ मधील ऐच्छिक कामांत त्याची गणना होत नाही. पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला. म्हणून पदपथ ही शोभेची किंवा उपकाराची बाब ठरत नाही.

३. सुरक्षितता कशी निर्माण होते?

धडकेची तीव्रता वाहनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या तुलनेत ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्याच वाहनात जवळपास पावणेतीनपट गतिज ऊर्जा असते. त्यामुळे वस्तीतील रस्त्यांवर वेग मर्यादित ठेवणे आणि वेगवान रस्त्यांवर पादचारी व सायकलस्वार यांना स्वतंत्र जागा देणे, ही दोन मूलभूत तत्त्वे मानली जातात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची अडथळामुक्त जागा असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पदपथ फार उंच झाला, तर वृद्ध आणि अपंग व्यक्ती त्यावर चढू शकत नाहीत. त्या नाइलाजाने वाहनांच्या मार्गातून चालतात.

४. पुण्याचे उदाहरण

एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात दुचाकी वाहने वाढत गेली आणि सायकल मागे पडली. महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना करून तेथे रुंद पदपथ आणि बसण्याच्या जागा निर्माण केल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा झाला.

या प्रयत्नांची दुसरी बाजूही अभ्यासली पाहिजे. जलद बससेवेच्या प्रकल्पाबरोबर काही रस्त्यांलगत सायकल मार्ग बांधले गेले. परंतु ते सलग राहिले नाहीत. कोठे वाहने उभी राहिली, कोठे विजेची पेटी आडवी आली, तर कोठे चौकापाशी मार्गच संपला. २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकलींची सेवा सुरू झाली, पण तीही टिकली नाही. चौकात येऊन संपणारा मार्ग सायकलस्वाराला नेमक्या सर्वाधिक धोक्याच्या ठिकाणी एकटे सोडतो. म्हणून मार्गाची केवळ एकूण लांबी मोजून सुरक्षितता कळत नाही. त्याची सलगताही पाहावी लागते.

सलगता राखणे अवघड का जाते? रस्ता महानगरपालिकेचा असला, तरी वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे असते आणि वीज, दूरध्वनी यांच्या वाहिन्या इतर यंत्रणांच्या असतात. एका यंत्रणेने बांधलेला पदपथ दुसरी खोदते आणि पूर्ववत करण्याचे काम रेंगाळते. फेरीवाल्यांचा प्रश्नही केवळ अतिक्रमणविरोधी कारवाईने सुटत नाही; २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांचे सर्वेक्षण करून विक्रीची क्षेत्रे निश्चित करावी लागतात. शिवाय बांधकामाचे उद्घाटन एकदाच होते. देखभालीसाठी मात्र दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते.

५. समारोप

धोरण मंजूर होणे ही कामाची सुरुवात असते. स्थानिक शासनाच्या पाठिंब्याची खरी कसोटी तीन प्रकारच्या सातत्यात आहे: मार्गाचे, निधीचे आणि विविध यंत्रणांमधील समन्वयाचे. एखादे मूल घरापासून शाळेपर्यंत एकदाही वाहनांच्या मार्गात न उतरता, सुरक्षित ठिकाणी रस्ता ओलांडून जाऊ शकते का, या साध्या प्रश्नावरून कोणत्याही शहराच्या धोरणाची परीक्षा घेता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पदपथ बांधणे व त्याची देखभाल करणे ही महानगरपालिकेची बंधनकारक जबाबदारी का ठरते, ते स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील कोणत्याही एका रस्त्याचे निरीक्षण करून पदपथाच्या सलगतेविषयी टिपण लिहा.