यासचा ट्रॅक आणि वाकणचा रस्ता

रायगड-रत्नागिरीकडच्या मुसलमान मोहल्ल्यांत असे घर विरळाच, ज्यातले कोणी ना कोणी आखातात नाही. कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाचा जावई दोहाला, कोणाचे वडील तीस वर्षे बहरीनला राहून आता ओटीवर बसून पेपर वाचतात. तिकडे माणूस असले की कधी ना कधी भेटीचा व्हिसा येतो आणि घरचे आठ-पंधरा दिवस जाऊन येतात. शेख झायद मशीद, बुर्ज खलिफा, दुबईचा सोनेबाजार, शेवटच्या दिवशी खजूर आणि चॉकलेटची खरेदी, असा कार्यक्रम ठरलेला असतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचाही योग आला. आमचा धाकटा भाऊ अबू धाबीत नोकरीला आहे. वरच्या यादीतले बहुतेक सारे आम्ही पाहिले, पण त्यात एका ठिकाणाची भर पडली. ते ठिकाण म्हणजे यास बेटावरचा मोटारशर्यतींचा ट्रॅक, यास मरीना सर्किट.

ही भर आमच्या मोठ्या मुलाने घातली. तो बारावीत आहे, वय सतरा. त्याच्या खोलीच्या भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांची चित्रे आहेत आणि डोक्यात स्पोर्ट्स बाइक. त्याच्या चाचूने फोनवर लाडाने कबूल करून टाकले होते, “बारावी झाली की बाइक माझ्याकडून.” तेव्हापासून घरात हाच विषय होता. त्याची अम्मी नको म्हणत होती, तो रुसून बसत होता. आम्ही वर्गात रस्तासुरक्षेचा धडा शिकवणारे, पण घरात आमचे शब्द कमी पडत होते.

पाच किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता

यास बेट अबू धाबीच्या विमानतळापासून जवळ आहे, गाडीने पंधरा मिनिटांच्या आत पोहोचता येते. दुबईहून यायचे तर साधारण तासभर लागतो. ट्रॅकच्या शेजारीच लाल छपराचे फेरारी वर्ल्ड आहे. आपल्या खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकासारखेच मनोरंजनाचे ठिकाण, मात्र बहुतेक छपराखाली आणि वातानुकूलित. बहुतेक पर्यटक तिथेच जातात आणि ट्रॅक लांबून पाहून परततात.

हा ट्रॅक जर्मन रचनाकार हेरमान टिल्के यांनी आखला. फॉर्म्युला वनची पहिली शर्यत इथे १ नोव्हेंबर २००९ रोजी झाली आणि ती सेबॅस्टियन वेटेल याने जिंकली. सुरुवातीला ट्रॅकची लांबी ५.५५४ किलोमीटर होती आणि वळणे २१. पुढे जाणे अवघड होते, शर्यत कंटाळवाणी होते, अशी तक्रार असे. म्हणून २०२१ मध्ये काही वळणे काढून टाकली. आता लांबी ५.२८१ किलोमीटर आणि वळणे १६ आहेत. अशा ५८ फेऱ्या मारल्या की शर्यत पूर्ण होते, म्हणजे सुमारे ३०६ किलोमीटर. त्याच २०२१ साली शेवटच्या फेरीत मॅक्स वर्स्टापेनने लुइस हॅमिल्टनला मागे टाकले आणि जगज्जेतेपद मिळवले. ती शर्यत आमच्या मुलाला तोंडपाठ आहे.

शर्यत संध्याकाळी सुरू होते. सूर्य मावळता मावळता गाड्या सुटतात आणि दिव्यांच्या झगझगाटात संपतात. ट्रॅकच्या एका बाजूला नौका उभ्या राहतात तो धक्का, तर एक मोठे हॉटेल ट्रॅकच्या दोन्ही अंगांना उभे आहे. त्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या पुलाखालून गाड्या जातात. आम्ही गेलो तेव्हा वर्षाच्या शर्यतीला महिनाभर अवकाश होता. कामगार खुर्च्या पुसत होते, फलक लावत होते. त्यांत बरेच आपल्याकडचेच. एकाने आमचे बोलणे ऐकून विचारले, “रायगडचे का?” तो महाडचा निघाला.

पडद्यामागची बाजू

तिकीट काढून मार्गदर्शकासोबत ट्रॅक पाहता येतो. शर्यतीच्या दिवशीच्या गर्दीत जे दिसत नाही ते इथे निवांत दिसते. गाड्या दुरुस्त करण्याचे कक्ष, म्हणजे पिट गॅरेज, विजेत्यांचा चौथरा, पत्रकारांचा कक्ष आणि जिथून सगळ्या ट्रॅकवर नजर ठेवतात ते नियंत्रण कक्ष. मुलांनी चौथऱ्यावर उभे राहून फोटो काढले. धाकटी आठवीत आहे, ती पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर चढली आणि उतरायला तयार होईना.

आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टींकडे होते. पहिली गोष्ट डांबराची. या ट्रॅकच्या डांबरात घातलेली खडी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या एका खाणीतून जहाजाने आणली आहे. त्या दगडावर टायरची पकड चांगली बसते, म्हणून एवढा खटाटोप. दरवर्षी पावसाळा संपला की खड्ड्यांची मोजणी करणाऱ्या आम्हा पालीकरांना हे ऐकून हसावे की रडावे ते कळेना.

दुसरी गोष्ट वेगाच्या मर्यादेची. सरळ पट्ट्यात या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात. पण पिटच्या गल्लीत शिरल्या की मर्यादा ताशी ८० किलोमीटर. कारण तिथे माणसे पायी उभी असतात. मर्यादा थोडी जरी ओलांडली तरी संघाला दंड होतो आणि शर्यतीत तर चालकाचे सेकंद कापले जातात. मुलाने पुन्हा विचारून खात्री करून घेतली, “जगज्जेत्यालाही?” मार्गदर्शक म्हणाला, “सर्वांनाच.” पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा आणि कोणी कोणाच्या पुढे जायचे नाही. लाल झेंडा दिसला की शर्यत थांबली. तिथे वाद चालत नाही.

तिसरी गोष्ट जीव वाचवण्याच्या तयारीची. १९९४ मध्ये इटलीतल्या इमोला ट्रॅकवर दोन दिवसांत रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेन्ना हे दोन चालक गेले. त्यानंतर या खेळाने सुरक्षेचा विचार पार बदलला. मानेला झटका बसू नये म्हणून खांद्यावर बसणारे साधन २००३ पासून सक्तीचे झाले. चालकाच्या डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, जिला हेलो म्हणतात, ती २०१८ पासून आली. ती आली तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून अनेकांनी नाके मुरडली. पण २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि पेट घेतला. ग्रोजाँ सुमारे २८ सेकंद आगीत होता. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, फक्त हात भाजले. कमान, हेल्मेट, आग न लागणारे कपडे आणि पहिल्या फेरीत मागोमाग धावणारी डॉक्टरांची गाडी, यांतले एक जरी नसते तरी तो वाचला नसता.

ट्रॅकवर सायकल

ज्यांना तिकिटाचा खर्च नको त्यांच्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे. आठवड्यातून ठरावीक संध्याकाळी हा ट्रॅक सामान्य लोकांसाठी विनामूल्य उघडतात. चालायला, धावायला, सायकल चालवायला कोणीही यावे, आधी नाव नोंदवावे लागते एवढेच. बायकांसाठी वेगळी संध्याकाळही ठेवलेली असते. आम्ही एका मंगळवारी मगरीबनंतर गेलो. हिजाब घातलेल्या मुली, फिलिपिनो परिचारिका, केरळचे चालक, बाबागाडी ढकलणारी जोडपी, सारे एका दिशेने चालले होते. हेल्मेटशिवाय सायकलवर बसू देत नाहीत.

आमच्या धाकटीने सायकल घेतली आणि दोन फेऱ्या मारल्या, म्हणजे दहा किलोमीटरच्या वर. पालीत बाजारातून शाळेपर्यंत सायकल नेतानाही तिची अम्मी काळजीत असते. इथे ती निर्धास्त चालत होती आणि मुलगी पुढे गेलेली दिसत होती. तिला आम्ही अमना आणि हमदा अल कुबैसी या अमिराती बहिणींची माहिती सांगितली. त्यांचे वडील खालिद स्वतः शर्यतीत गाडी चालवत. दोघी बहिणींनी २०२३ मध्ये मुलींच्या एफ-वन अकॅडमी मालिकेत शर्यती जिंकल्या. त्या वर्षी हमदा एकूण गुणांत तिसरी आली.

आपल्याकडेही हा खेळ नवा नाही. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० च्या दशकात हिमालयन रॅली भरवली. चेन्नईचे अकबर इब्राहिम स्वतः शर्यती खेळले, पुढे देशाच्या मोटारस्पोर्ट महासंघाचे अध्यक्ष झाले आणि त्यांचा मुलगा अरमान परदेशात शर्यती खेळला. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई आणि कोइंबतूरजवळ कारी इथे ट्रॅक आहेत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर लहान कार्ट गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. ज्याला वेगाची खरीच ओढ आहे त्याला जागा आहे. ती जागा सार्वजनिक रस्ता नव्हे.

आपल्या रस्त्यावर

खोपोलीहून पालीमार्गे वाकण फाट्याला जाणारा रस्ता आता पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. सुट्टीच्या दिवशी बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या, कारखान्यांचे ट्रेलर, शाळेची पोरे, गुरे, सारे त्याच रस्त्यावर. आणि त्यातूनच संध्याकाळी मुलांच्या बाइका सुटतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा याच रस्त्यावर गेला. अठराही पूर्ण नव्हती. बाइक आखातातल्या पैशातून आलेली, हेल्मेट घरी खुंटीला. आम्ही जनाजाला गेलो तेव्हा त्याचे वडील अजून विमानात होते.

हे एका घराचे दुःख नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार ५० हजारांवर होते. शब-ए-बरातच्या रात्री इबादत सोडून बाइकवर कसरती करणारी पोरे मुंबईत दरवर्षी पोलिसांची डोकेदुखी होतात आणि उलमांना आवाहने करावी लागतात. मग्फिरतच्या रात्री आईने इस्पितळाच्या दारात बसावे, याहून वाईट काय?

कायदाही पालकांनी माहीत करून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घरात काय ठरले

एका सहलीने मुलगा बदलला असे आम्ही म्हणणार नाही. यासहून परतताना तो गप्प होता. भाऊ गाडी चालवत होता. अबू धाबीत रस्त्यावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा वर एक किलोमीटरही चालत नाही, पूर्वी वीसची सूट असे, ती २०१८ मध्ये काढून टाकली. मागच्या सीटवरच्या माणसालाही पट्टा लावावा लागतो. भाऊ म्हणाला, “भाईजान, इथे आम्ही सगळे सरळ चालतो. गावी उतरलो की वाकण फाट्यापासून कोणाच्याही अंगात वारे शिरते. माझ्यासुद्धा.” मग तो मुलाकडे वळून म्हणाला, “बाइक देईन. पण आधी अठरा पूर्ण, मग परवाना, मग हेल्मेट, आणि मग बाइक. तीही शंभर-सव्वाशे सीसीची.” मुलगा म्हणाला, “आणि स्पोर्ट्स बाइक?” चाचू म्हणाला, “ती ट्रॅकवर. कोल्हापूरला कार्टिंगला मी स्वतः नेतो.”

सौदा अजून पक्का झालेला नाही. मुलाला दीडशे सीसी हवी आहे, त्याच्या अम्मीला बाइकच नको आहे. पण आता भांडण ‘हवी की नको’ यावरून ‘कधी आणि कोणत्या अटीवर’ इथपर्यंत आले आहे. मुलाने ऑटोमोबाइल डिप्लोमाची माहितीही काढली आहे.

आखातात राहणाऱ्या बंधू-भगिनींना एक विनंती. वाचक ती त्यांच्यापर्यंत पोहोचवतील अशी आशा आहे. तुम्ही तिकडे उन्हातान्हात राबता, घरच्यांपासून दूर राहता आणि त्या दुराव्याची भरपाई म्हणून पुतण्या-भाच्यांचे हट्ट पुरवता. तुमचे प्रेम आम्हाला कळते. पण बाइकचे पैसे पाठवण्याआधी मुलाचा जन्मदाखला आणि परवाना फोनवर मागवून पाहा. हेल्मेट तिकडून आणू नका, इथे आयएसआय चिन्हाचेच लागते. त्याचे पैसे वेगळे पाठवा आणि घातलेला फोटो मागा. आणि सुट्टीत मुले तिकडे आली तर त्यांना एकदा यासच्या ट्रॅकवर जरूर न्या. मंगळवारी नाव नोंदवून गेलात तर पैसाही लागत नाही. पिटच्या गल्लीसमोर उभे करून सांगा, माणसे पायी असतात तिथे जगज्जेताही ऐंशीच्या वर जात नाही. आपल्या बाजारपेठेतून, शाळेसमोरून, मशिदीच्या दारावरून जाताना त्याच्या निम्माही वेग जास्तच आहे.