यारीचे बळ

क्रेनला मराठीत ‘यारी’ असा नेटका शब्द आहे. विहिरीतली दगडमाती वर काढणाऱ्या यंत्राला खेडोपाडी यारीच म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे प्राध्यापकांना वाटेल. परंतु खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’चे काम निघाल्यापासून आपल्या भागात ‘ही पन्नास टनी, ती शंभर टनी’ अशी भाषा कानी पडू लागली आहे. या ‘टनी’चा अर्थ मात्र बहुतेकांचा चुकतो.

पन्नास टनी क्रेन कुठेही पन्नास टन उचलते, असे नाही. तो आकडा क्रेनच्या अगदी जवळच्या, साधारण तीन मीटर अंतरावरच्या ओझ्याचा असतो. हे अंतर क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून हूकपर्यंत आडवे मोजतात. भरलेली घागर कडेवर घेऊन चढ चढता येतो. तीच हात लांब करून धरा पाहू! ओझे गुणिले अंतर हा सारा हिशेब. पन्नास टन गुणिले तीन म्हणजे दीडशे. म्हणून बारा मीटरवर साडेबारा टन. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण लांबलेल्या बूमचे स्वतःचे वजनही बाहेर झुकते. शिवाय हूक, दोर, पट्टे यांचे वजन ओझ्यातच धरायचे, हे पुष्कळदा विसरले जाते.

म्हणून प्रत्येक क्रेनबरोबर ‘लोड चार्ट’ असतो. जवळच्या अंतरावर बूम मोडण्याची भीती, दूरच्या अंतरावर क्रेन उलटण्याची. दोहोंतली जी मर्यादा आधी येईल तो आकडा तक्त्यात लिहितात. उलटण्याच्या वजनापर्यंतही जाऊ देत नाहीत. अमेरिकी प्रघातानुसार साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या क्रेनला त्याच्या ७५ टक्के, तर पाय पसरून उभ्या राहणाऱ्या क्रेनला ८५ टक्केच मुभा असते. शिवाय हे सर्व आकडे सपाट, टणक जमिनीचे. आषाढातल्या मावळातल्या भातखाचरात पायाखाली जाड फळ्या न देता तोच तक्ता वाचणे म्हणजे निव्वळ धाडस. घाटातला वारा निराळाच.

गावोगाव दिसणारी ‘हायड्रा’ ओझे घेऊन चालते, पण तिला पसरायला पाय नसतात आणि वळताना तिची ताकद घटते. टॉवर क्रेनला दोन आकडे असतात, एक खांबाजवळचा आणि दुसरा, बराच लहान, दांड्याच्या टोकाचा. टायगर व्हॅलीतल्या केबल पुलासारखे उंच मनोरे उभारायला हीच लागते. कारखान्यातल्या छताखालच्या क्रेनचे मात्र सोपे. दोन्ही बाजूंना रूळ असल्याने तुळईवर रंगवलेला एकच आकडा सगळीकडे लागू. रेल्वेची १४० टनी क्रेन जमालपूरला तयार होते. तीही पाय न टेकता, नुसत्या रुळांवरून, पूर्ण वजन उचलू शकत नाही.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गावर गर्डर बसवणारी यंत्रणा कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. ते यंत्र निराळ्या जातीचे, त्याचा हिशेबही निराळा. पण अशा यंत्राखाली कोण उभे असते, हे मात्र सगळीकडे सारखेच. आपल्या मावळातली पुष्कळ मुले आज क्रेनवर चालक किंवा खलाशी आहेत. ओळखीचा कोणी असेल तर ‘किती टनी?’ ऐवजी ‘किती मीटरवर किती?’ असे विचारा. जाणता चालक तोंडी उत्तर देणार नाही. केबिनमधला तक्ता दाखवील.