पाठ केलेली इंग्रजी आणि बोलली जाणारी इंग्रजी

जळगावच्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सकाळी डोकावून बघा. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारापुढे एक जाडजूड वही उघडी असते आणि तिच्यात दोन रकाने आखलेले असतात. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ. 'बाय हुक ऑर बाय क्रूक' म्हणजे काहीही करून. 'बॅग अँड बॅगेज' म्हणजे चंबूगबाळं आवरून. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. धुळ्यातल्या क्लासच्या फळ्यावर हीच यादी, चाळीसगाव-अमळनेरच्या पोरांच्या मोबाइलमध्ये पीडीएफ होऊन फिरते तीही हीच. यादीत वाईट काही नाही. पण तिच्याभोवती काही समज असे घट्ट बसले आहेत, की पोरं वर्षभर घोकतात आणि मुलाखतीत तोंड उघडायची वेळ आली की गप्प बसतात.

'इंग्रज माणूस रोज असंच बोलतो'

नाही बोलत. रोझामंड मून या भाषाभ्यासक बाईंनी इंग्रजीतल्या अशा ठरीव शब्दप्रयोगांची मोजदाद केली आणि ती १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. हाताशी ऑक्सफर्डचा सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांचा मजकूर होता. बहुतेक वाक्प्रचार त्यात दहा लाख शब्दांमागे सरासरी एकदाही आले नाहीत. 'किक द बकेट', 'बाय हुक ऑर बाय क्रूक' आणि 'बॅग अँड बॅगेज' तर अख्ख्या मजकुरात कुठेच नाहीत. आपल्या वहीच्या पहिल्याच पानावरची मंडळी गैरहजर! तो मजकूर बराचसा वर्तमानपत्री होता, बोलण्यातला कमी, हे मान्य. तरीही बाहेर धो धो कोसळत असताना आजचा इंग्रज बहुधा 'इट्स पोअरिंग' एवढंच म्हणतो. मांजरं-कुत्री त्याला माहीत असतात, पण ती काढली तर थोडी गंमत म्हणून.

मग रोजच्या बोलण्यात काय असतं? अगदी साधी, दोन-तीन अक्षरी दिसणारी क्रियापदं. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'रन आउट' म्हणजे संपणं, 'टर्न अप' म्हणजे उगवणं, 'गेट अलाँग' म्हणजे पटणं. यादीत यांना फारसा मान नसतो, कारण ती दिसायला भारी नाहीत. पण खरी अडचण इथेच आहे. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, नोकरी लागते, आग लागते, वेड लागतं, ठेच लागते, निकाल लागतो, आणि शेजारचा माणूस आपला काका लागतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे एक क्रियापद रडवेल. आपल्याला त्यात काही अवघड आहे हे जाणवतही नाही, कारण आपण ते यादीतून शिकलोच नाही. इंग्रजीतलं 'गेट' आणि 'पुट' तसंच आहे. शंभर म्हणी पाठ करण्यापेक्षा या दोघांमागे महिनाभर लागलेलं बरं.

'अर्थ कळला म्हणजे वापरता आला'

सगळ्यात महाग पडणारा समज हा. 'किक द बकेट'चा अर्थ मरणे हे खरं, पण कुणाचं मरण आणि कोण कुणाला सांगतंय? मराठीत माणूस वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते, आणि गचकतोही. चारही शब्दांचा अर्थ एकच. पण साहेबांच्या वडिलांबद्दल 'कधी गचकले?' असं कुणी विचारत नाही. 'किक द बकेट' हे इंग्रजीतलं 'गचकणं' आहे. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोकसंदेश म्हणून ते टाकलं, तर पुढची भरपाई जड जाईल. तिथे 'पास्ड अवे' हवं. वहीत मात्र दोन्हींसमोर एकच शब्द लिहिलेला असतो: मरणे.

शिवाय वाक्प्रचार गोठलेले असतात, ते हवे तसे वाकवता येत नाहीत. 'त्याने हात टेकले' म्हणजे तो हरला, थकला. त्याचं 'त्याच्याकडून हात टेकले गेले' करून बघा, नुसतं हसू येईल. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की तिथेही माणूस जिवंत राहतो आणि फक्त बादली लवंडते. म्हणून वहीत सुटा वाक्प्रचार उतरवू नये. तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहावं, आणि कोण कुणाला म्हणालं तेही.

'प्रत्येक वाक्प्रचारामागे एक सुरस कथा असते'

कथा असते, पण बहुतेकदा नंतर रचलेली. जुन्या इंग्लंडात गवताच्या छपरांवर मांजरं-कुत्री झोपायची आणि जोराच्या पावसात घसरून खाली पडायची, म्हणून 'कॅट्स अँड डॉग्ज', असं शिक्षकही सांगतात. ही गोष्ट १९९९ च्या सुमाराला ईमेलवरून जगभर फिरलेल्या एका गमतीदार मजकुरातून पसरली. कुत्र्या-मांजरांच्या पावसाचा उल्लेख सतराव्या शतकापासून सापडतो, जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या लेखनात तो आजच्या रूपात आहे, पण उगम कुणालाही खात्रीने सांगता आलेला नाही.

आपल्याकडची लाडकी कथा 'बाइट द बुलेट'ची. अर्थ: नाइलाजाने, दात-ओठ खाऊन कटू गोष्टीला सामोरं जाणं. तिचा संबंध १८५७ च्या चरबी लावलेल्या काडतुसांशी जोडला जातो. ऐकायला झकास. पण शिपायांना दाताने तोडायला लागायचं ते काडतुसाचं कागदी वेष्टण, गोळी नव्हे. आणि फ्रान्सिस ग्रोसच्या १७९६ च्या बोलभाषेच्या कोशातच, फटके खाताना ओरडू नये म्हणून शिपाई गोळी चावत, अशी नोंद आहे. म्हणजे उठावाच्या साठ वर्षं आधी. 'रूल ऑफ थम्ब'चंही तसंच. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची मुभा देणारा कायदा इंग्लंडात होता म्हणे. असा कायदा कुणाला सापडलेला नाही. ढोबळ अंदाज या अर्थाने तो शब्दप्रयोग सतराव्या शतकातला आहे. कथा सांगायच्या तर जरूर सांगा, वर्ग जागा राहतो, पण इतिहास म्हणून नको.

'इंग्रजी वाक्प्रचार जगात सगळीकडे एकच'

क्रिकेटने आपल्याला अर्धं काम फुकट करून दिलं आहे. 'सरकार बॅकफूटवर' हे मराठी वर्तमानपत्राचं रोजचं शीर्षक, आणि परीक्षेत 'क्लीन बोल्ड' होणं भुसावळच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. 'स्टिकी विकेट' किंवा 'इट्स नॉट क्रिकेट' अशा प्रयोगांवर इंग्रजाशी त्याचं सहज जमेल. अमेरिकन मात्र नुसता बघत राहील, कारण त्याची भाषा बेसबॉलवर पोसलेली. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणं, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. पुण्यात आयटीत गेलेल्या खानदेशी मुलांना हे शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतात आणि शाळेतल्या यादीत ते नसतात.

कधी अर्थ थेट उलटा होतो. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो चर्चेला घेणं, अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडले आणि मग लक्षात आलं की दोघांनाही तेच हवं होतं. ही हकीकत खुद्द चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नोंदवून ठेवली आहे.

'आपली इंग्रजी म्हणजे चुकांची पोतडी'

'डू द नीडफुल'वर हसायची हल्ली फॅशन आहे. तो प्रयोग अस्सल ब्रिटिश, अठराव्या शतकातला. तिकडे मागे पडला, आपल्या कार्यालयांत टिकला, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्रांत 'योग्य ती कार्यवाही व्हावी' या रूपाने मराठीतही तो आहेच. 'आउट ऑफ स्टेशन' हीदेखील गोऱ्या अंमलदारांच्या नेमणुकीच्या ठाण्यांची आठवण. परदेशी माणसाशी बोलताना दोन्ही टाळावेत, कारण त्याला ते जुनाट वाटतात किंवा कळत नाहीत. पण त्यांना चूक म्हणू नये. खरी सांभाळायची जागा म्हणजे 'पास आउट'. 'आय पास्ड आउट इन २०१९' ऐकून लंडनचा माणूस विचारेल, चक्कर कशाने आली?

देवघेवही एकतर्फी नव्हती. 'हॅव अ डेको', म्हणजे जरा बघ, हे आपल्या 'देखो'वरून गोऱ्या सोल्जरांनी नेलं. बड्या असामीला 'बिग चीज' म्हणतात, त्यातलं चीज खायचं नसून फारसी-उर्दूतून आलेली 'चीज' असावी, असं बहुतेक कोशकार मानतात.

'मराठी माध्यमाच्या, त्यातून घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला हे जमणार नाही'

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या वेळी पहिलीत असलेली मुलं आज तिशीत आली. इंग्रजी कानावर पडली नाही, ही सबब त्यांना लागू नाही. कमी पडला तो वापर. आणि अहिराणी ही अडचण कशी? घरी 'शे' आणि शाळेत 'आहे' म्हणणारं मूल सहाव्या वर्षापासून दोन बोलींची वळणं सांभाळतं. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने तर खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर वेगळं मांडलं होतं. एका बोलीतला प्रयोग दुसरीत जसाच्या तसा चालत नाही, हे या मुलाला कुणी शिकवायला नको. तावडी आणि लेवा गणबोली बोलणाऱ्या यावल-रावेरच्या पोरांचंही तेच.

जळगावच्या ज्या विद्यापीठातून ही मुलं इंग्रजीची पदवी घेतात, त्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाईंचं नाव आहे. आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या ऐकून दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ मध्ये त्या छापल्या गेल्या. वाक्प्रचार कानाने येतो, याला याहून जवळचा पुरावा खानदेशात कुठला शोधायचा?

राहता राहिली परीक्षा. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेत आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत वाक्प्रचारांवर प्रश्न येतात, आणि तिथे ती जुनी यादीच कामाला येते. म्हणून ती टाकून देऊ नका. जुने पेपर सोडवा, तेच ते वाक्प्रचार फिरून फिरून येतात. बोलण्यासाठी मात्र दुसरी वही करा. इंग्रजी बातम्या, सामन्याचं समालोचन, ऑफिसातल्या ईमेल यांतून कानावर किंवा नजरेस आलेलं अख्खं वाक्य तिच्यात उतरवा, आणि जे दोन-तीनदा वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे तेच स्वतः वापरा.