गाडीची कुरकुर ओळखा

पूर्वी शेतातला माल बैलगाडीतून बाजारात जाई. आता वांगी, टोमॅटो, संत्री पिकअप गाडीतून जातात. 2005 साली टाटांची 'एस' नावाची लहान मालगाडी निघाली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. तशा गाड्या आता खेडोपाडी दिसतात.

बैलाचे दुखणे शेतकऱ्याला लगेच कळते. बैल वैरण खात नाही, पाय उचलून टाकतो, मान खाली घालतो. गाडीचेही असेच आहे. मोडण्याआधी ती कुरकुर करते. कधी ती कानाला कळते, कधी पायाला कळते. ज्याला ती ओळखता येते, त्याचे काम थोडक्यात भागते. ज्याला येत नाही, त्याची गाडी भर रस्त्यात थांबते. माल सुकतो, सकाळचा भाव हातचा जातो. गाडी कर्जाची असेल तर हप्ता काही थांबत नाही. म्हणून ही कुरकुर कशी ओळखावी ते आम्ही येथे सांगतो.

क्लच म्हणजे काय?

इंजिन सुरू असले की ते सारखे फिरत असते. गाडी उभी असली तरी एका मिनिटात ते सातशे-आठशे फेरे घेते. पण चाके तर थांबवावी लागतात. मग काय करायचे? बैल जसे जुंपतो आणि सोडतो, तसे इंजिनही जुंपता आणि सोडता आले पाहिजे. हे काम क्लच करतो.

इंजिनाच्या टोकाला एक जड चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून क्लचप्लेट असते. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते. स्प्रिंगच्या जोराने या तिन्ही चकत्या एकमेकींना घट्ट चिकटून फिरतात. आपण पायाने पेडल दाबले, की एक बेरिंग पुढे सरकते आणि स्प्रिंगचा जोर काढून घेते. क्लचप्लेट मोकळी होते. इंजिन सुटते. या बेरिंगला रिलीज बेरिंग म्हणतात.

क्लचमधून जोर गिअरबॉक्समध्ये जातो. तेथून एक लांब दांडा गाडीखालून मागे जातो. त्याला शाफ्ट म्हणतात. मागच्या आसाच्या मध्ये एक फुगीर डबा असतो. तो डिफरन्शियल. त्यातून जोर चाकांना मिळतो. बहुतेक पिकअप गाड्यांत मागची चाके गाडी चालवतात.

हाफ क्लच का वाईट?

विहिरीतून भरलेली बादली ओढताना दोर मुठीत घट्ट धरा. हाताला काही होत नाही. पण मूठ सैल करून दोर घसरू द्या. तळहात सोलून निघतो! क्लचप्लेटचेही तसेच होते. पेडल अर्धे दाबून ठेवले, की इंजिन जोरात फिरते आणि प्लेट नुसती घासते. ती तापते, झिजते, शेवटी जळते.

नागपूरला धंतोलीत दवाखाने पुष्कळ आहेत. बाहेरगावची माणसे तेथे रोगी घेऊन येतात. जवळच कॉटन मार्केट भागात भाजीचा बाजार आहे. वाटेत लोहापूल लागतो. वरून रेल्वे जाते, खालून रस्ता जातो. गर्दीच्या वेळी येथे गाडी दोन हात सरकते आणि थांबते. पुन्हा सरकते, पुन्हा थांबते. मालाने भरलेली गाडी अशा वेळी हाफ क्लचवर धरली, तर कोस दोन कोसांच्या सरळ रस्त्यात झिजणार नाही एवढी प्लेट येथे थोड्या वेळात झिजते.

मग काय करावे? पुढची गाडी थोडी पुढे जाऊ द्यावी. चांगली जागा झाली की पहिला गिअर टाकावा, पेडल पूर्ण सोडावे आणि हळू चालावे. थांबायचे झाले तर गिअर न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढून घ्यावा. चढावर उभे राहायचे असेल, तर गाडी ब्रेकवर धरावी, क्लचवर धरू नये. पुढे निघताना हँडब्रेक लावून मग गाडी उचलावी. चालत्या गाडीत पेडलवर पाय टेकवून बसण्याची खोड बऱ्याच जणांना असते. ती सोडावी. पायाच्या वजनाने रिलीज बेरिंग विनाकारण फिरत राहते आणि लवकर जाते.

पायाला काय कळते?

गाडी चढावर आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन मोठ्याने ओरडले, पण गाडीचा वेग वाढला नाही. समजा, क्लच घसरतो आहे. जळका वासही येईल. प्लेट झिजली असेल, किंवा तिच्यावर तेल गेले असेल.

पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते का? तर प्लेट झिजत आली असेल, नाहीतर पेडल नीट लावलेले नसेल. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खर्रर्र करून पडतो का? विशेषतः रिव्हर्स? तर क्लच इंजिनाला पुरता सोडत नाही.

पेडल जड झाले तर केबल सुकली किंवा झिजली असेल. पेडल मऊ लागते, खालीच जाते, तर तेल गळते किंवा नळीत हवा शिरली आहे. बऱ्याच गाड्यांचा क्लच केबलवर चालत नाही, तेलाच्या दाबावर चालतो. त्यात ब्रेकचे तेलच घालतात. चुकूनही इंजिन ऑइल घालू नये. त्याने आतले रबर फुगून खराब होते.

कानाला काय कळते?

गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक लावा. चाकांना दगड लावा. गिअर न्यूट्रल ठेवा. इंजिन सुरू करून ऐका.

पेडल दाबले की कर्र आवाज येतो आणि सोडले की थांबतो? तर रिलीज बेरिंगकडे पाहावे. उलट, पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबले की थांबतो? तर आवाज गिअरबॉक्सच्या आतला आहे. तेथले बेरिंग झिजले असेल किंवा तेल कमी असेल.

आता चालती गाडी. एकाच गिअरमध्ये आवाज येतो, बाकीच्यांत येत नाही, तर तो गिअर झिजला असेल. गाडी उचलताना खालून ठक्क आवाज येतो, तर शाफ्टचे सांधे तपासावेत. मिस्त्री त्यांना क्रॉस म्हणतात. ठरावीक वेगाला सारी गाडी थरथरते, तर शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचे मधले बेरिंग गेले असेल. मागून घूं घूं आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो, तर डिफरन्शियलचे तेल पाहावे. वळणावर घरघर वाढते किंवा कमी होते, तर चाकाचे बेरिंग पाहावे.

सगळेच आवाज मोडतोडीचे नसतात. रिव्हर्समध्ये थोडा आवाज बहुतेक गाड्यांत असतोच. पूर्वीच्या मालमोटारींत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर दात दातांवर घासत. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत नवी युक्ती आली. गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा होऊ लागला. आज आपल्या पिकअपमध्येही हीच युक्ती असते. म्हणून गिअर आता सहज पडला पाहिजे. तो जबरदस्तीने ढकलू नये.

उतारावर डिझेल वाचवू नका

नागपूरहून अमरावतीला जाताना तळेगावजवळ सत्याग्रही घाट लागतो. अशा उतारावर काहीजण गिअर न्यूट्रल करतात. हे फार धोक्याचे आहे. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. भरलेली गाडी मग कोणाला आवरणार? उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा. क्लचवर पाय ठेवू नये.

मिस्त्रीला काय सांगावे?

"गाडी आवाज करते" एवढेच सांगून भागत नाही. आवाज कधी येतो? उभ्या गाडीत की चालत्या? पेडल दाबल्यावर की सोडल्यावर? कोणत्या गिअरमध्ये? भरल्या गाडीत की रिकाम्या? आता तुम्हाला लिहिता येते. एक वही गाडीतच ठेवा. आवाज आला की तारीख घालून दोन ओळी लिहा. तेल कधी बदलले तेही लिहा. ती वही मिस्त्रीला दाखवा. त्याला जागा लवकर सापडेल. चांगला भाग उगाच बदलला जाणार नाही, आणि जुना काढलेला भाग आपल्याला मागून पाहता येईल.

एक मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नका. गाडीपेक्षा माणूस मोलाचा.

सांगा पाहू

1. क्लच कशासारखे काम करतो?
2. हाफ क्लचने कोणता भाग झिजतो?
3. पेडल दाबल्यावरच आवाज आला, तर काय तपासावे?
4. उतारावर गिअर न्यूट्रल का करू नये?