धुतला की जाणारा रंग

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. सातारा-कराड रस्त्यावरच्या या गावात मे महिन्यात अंगणांत आणि गच्च्यांवर कुरडया वाळत पडलेल्या असतात. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्याने पाडायचा. पातेल्याच्या बुडाला राहिलेला चीक दूध-साखर घालून पोरं खातात. सुट्टीत मुलांना अंगणात रंगवायला द्यायचा रंग याच पातेल्यातून निघतो. दुकानातून आणायचं त्यासाठी फार थोडं लागतं.

खळ धुण्यात का जाते

गव्हाचा चीक, कॉर्नफ्लोअर, आरारूट, तांदळाची पेज या सगळ्यांत स्टार्च असतो. थंड पाण्यात त्याचे कण नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाशी बसतात. पाणी साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत तापलं की तेच कण पाणी पिऊन फुगतात आणि मिश्रण एकदम घट्ट होतं. सुती साडीला घालतो ती खळ हीच. साडी एकदा धुतली की खळ निघून जाते आणि पुन्हा घालावी लागते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. मुलांच्या रंगाला नेमका हाच गुण हवा. रंग खळीत अडकतो, वाळला की पृष्ठभागाला धरून राहतो आणि पाणी लागलं की खळीबरोबर सुटतो. तैलरंगातलं तेल वाळून कायमचं घट्ट होतं, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही.

फरशीसाठी कच्चा रंग

एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी थंड पाणी आणि रंग, एवढंच. शिजवायचं नाही. ब्रशने किंवा चिंधीच्या बोळ्याने सिमेंटच्या कोब्यावर लावला की मेच्या उन्हात बघता बघता वाळतो आणि खडूसारखा दिसतो. पीठ खाली बसत राहतं, म्हणून दर वेळी ढवळून घ्यावं लागतं. ते काम मुलांकडेच द्या, त्यांना आवडतं.

बोटांसाठी शिजवलेला रंग

एक वाटी कॉर्नफ्लोअर आधी एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. वेगळ्या पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळा, त्यात अर्धा चमचा मीठ घाला आणि कालवलेलं पीठ धारेने ओतत हलवत राहा. दुधासारखं पांढरं मिश्रण जरा पारदर्शक दिसू लागलं की गॅस बंद करा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, तेव्हा चुलीवर असताना थोडं पातळ वाटलं तरी घाबरू नका. पूर्ण गार झाल्यावर भांडी घासायचा द्रवसाबण दोन चमचे घाला. हातावरून आणि कपड्यावरून रंग लवकर सुटतो तो त्याच्यामुळे. मूल सगळं तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर साबण घालू नका. मग वाट्यांमध्ये वाटून रंग मिसळा.

उन्हाळ्यात हा रंग दुसऱ्या दिवशी आंबतो. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. आंबट वास आला की टाकून द्यायचा.

रंग आणायचे कुठून

बीट किसून पिळलं की गडद गुलाबी मिळतो. हातावरून तो सहज जातो, पांढऱ्या सुती कपड्यावर मात्र फिकट छटा ठेवतो. पालक कच्चाच वाटून गाळा, कारण जास्त शिजला की हिरवा रंग मळकट होतो. कुंपणावरच्या गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की सुरेख निळा उतरतो. त्यातलं थोडं पाणी वेगळं घेऊन मुलांसमोर लिंबू पिळा, ते जांभळं होतं. हे दाखवल्यावर अर्धा तास दुसरं काही सुचत नाही त्यांना. होळीच्या सुमारास पळस फुलतो. त्याची फुलं वाळवून ठेवली असतील तर उकळून केशरी-पिवळा मिळतो.

हळदीचं मात्र जपून. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या भागात चांगल्या हळदीला तोटा नाही आणि पिवळा म्हटलं की हात आधी तिच्या डब्याकडेच जातो. पण हळद कापडात आणि शहाबादी फरशीत मुरते. आमच्या ओट्याखालच्या फरशीवर असा एक पिवळा पंजा कितीतरी दिवस होता. हळद वापरायचीच तर चिमूटभर, आणि ती कागदावर. तिच्यात खाण्याचा सोडा घातला की ती तांबडी होते. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर होतं तेच.

ठळक रंग हवे असतील तर खाण्याचे रंग वापरा. पुडीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक बघून घ्या आणि थेंब मोजून घाला. रंग जास्त पडला तर खळ धुतली जाते आणि डाग मागे राहतो.

काय घालू नये

उंब्रजचा मारुती समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. ती मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची असल्याचं सांगतात. बांधकामात चुना उत्तम, पण मुलांच्या रंगात तो कधीही नको. ओला चुना कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका होतो. कपडे धुण्याची पावडर, होळीचे सुटे रंग आणि भिंतीच्या डिस्टेंपरचा उरलेला डबा हेही दूर ठेवा. सुट्या रंगात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

अंगणातच का

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून घराघरांत गेला. अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, खडे, माती अशा आसपासच्या वस्तू शिकवण्यात आणल्या. चिकाचा रंग त्याच वाटेवरचा आहे. घरात भिंत आणि चादर सांभाळताना आपण दर मिनिटाला ‘नको’ म्हणतो आणि मूल हात आखडून घेतं. अंगणात धुतला जाणारा रंग असला की आपल्यालाही गप्प बसता येतं.

धुताना

सुरुवातीला फरशीच्या एका कोपऱ्यावर रंग लावून, वाळवून, धुऊन बघा. सच्छिद्र फरशी आणि सारवलेली जमीन रंग पितात. कपडे आधी थंड पाण्यात भिजवा आणि मग साबण लावा. हळदीचा डाग राहिलाच तर कपडा ओला करून कडक उन्हात टाका, उन्हाने तो उडतो. स्टार्चला मुंग्या लागतात, म्हणून अंगण त्याच संध्याकाळी धुवा. नदीच्या घाटाच्या पायऱ्या आणि देवळाच्या भिंती मुलांना रंगवायला देऊ नका, आणि उरलेला रंग कृष्णेत ओतू नका. तो वाळवून घरच्या कचऱ्यात टाका.